कॅनडाच्या बँकेत वरच्या खुर्चीपर्यंतची वाट: पतविभाग, जोखीम आणि अमेरिकेचा फेरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत एका खासगी बँकेच्या कॉर्पोरेट कर्जविभागात आठ वर्षं काम, हुद्दा असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट, आता कुटुंबासह टोरोंटोत मुक्काम. कॅनडाच्या मोठ्या बँकेत वरिष्ठ कार्यकारी पदापर्यंत जाता येतं का? टीडी बँकेत प्रशिक्षणार्थी म्हणून लागून २०१४ मध्ये मुख्य अधिकारी झालेल्या भरत मसरानींची कारकीर्द समोर ठेवून आखणी करावी का?

जाता येतं. मसरानींचं उदाहरणही चांगलं निवडलंय. फक्त ते २०१४ पर्यंत वाचून थांबू नका, २०२४ सालापर्यंत वाचा. ही कारकीर्द कशी चढत गेली याइतकंच ती शेवटी कशामुळे अडचणीत आली हेही या धंद्यात येणाऱ्याने पाठ करायला हवं.

आधी तिथल्या बँकांची घडण समजून घ्या, कारण बढत्यांचं गणित त्यातूनच येतं. कॅनडाचा बँकव्यवसाय मुख्यतः सहा बँकांच्या हातात आहे: रॉयल बँक (आरबीसी), टीडी, स्कोशियाबँक, बीएमओ, सीआयबीसी आणि मॉन्ट्रियलची नॅशनल बँक. तिथल्या बँक कायद्यानुसार १२ अब्ज कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त भांडवल असलेल्या बँकेत कोणा एकाला मतदानाचा हक्क असलेल्या कुठल्याही वर्गातले २० टक्क्यांपेक्षा जास्त शेअर ठेवता येत नाहीत. त्यामुळे बँकेला मालक घराणं नसतं, मुलाला किंवा जावयाला गादी मिळत नाही. मुख्य अधिकारी संचालक मंडळ निवडतं आणि बहुतेक वेळा घरातूनच, म्हणजे बँकेतच वाढलेल्यांतून निवडतं. आकडेच बघा. रॉयल बँकेचे डेव्ह मॅके १९८८ मध्ये संगणक प्रोग्रामर म्हणून लागले आणि २०१४ मध्ये मुख्य अधिकारी झाले. स्कोशियाचे ब्रायन पोर्टर १९८१ मध्ये आले, २०१३ मध्ये वर पोहोचले. बीएमओचे डॅरिल व्हाइट १९९४ ते २०१७. टीडीचे आताचे प्रमुख रेमंड चुन १९९२ मध्ये लागले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सूत्रं हाती घेतली. म्हणजे तेवीस ते तेहतीस वर्षं. स्कोशियाने २०२३ मध्ये स्कॉट थॉमसन यांना बाहेरून आणलं, ते आधी फिनिंग या यंत्रसामग्री कंपनीचे प्रमुख होते. पण तेही २०१६ पासून बँकेच्या संचालक मंडळावर होतेच, अगदी परके नव्हते. एक बारीक गोष्ट: या बँकांचं आर्थिक वर्ष ३१ ऑक्टोबरला संपतं. म्हणून मोठ्या नेमणुका, बोनस आणि खातेबदल यांची हालचाल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते. बँकेतली जागा बदलायची असेल तर वरिष्ठांशी बोलणं उन्हाळ्यातच सुरू करा. नोव्हेंबरमध्ये विचारायला गेलात तर पानं वाढून झालेली असतात.

आता हुद्द्यांचा घोळ. भारतातल्या खासगी बँकांत असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट, व्हाइस प्रेसिडेंट हे मधल्या फळीचे हुद्दे आहेत. टोरोंटोत रिटेल, कमर्शियल, जोखीम किंवा मुख्यालयातल्या विभागात व्हाइस प्रेसिडेंट म्हणजे खरोखरचा वरिष्ठ अधिकारी. त्याच्या हाताखाली शेकडो माणसं किंवा अख्खा व्यवसाय असू शकतो. त्याच बँकेच्या कॅपिटल मार्केट्स (शेअर-रोखेबाजाराचं काम करणाऱ्या) शाखेत मात्र व्हाइस प्रेसिडेंट हा पाच-सात वर्षं काम केलेला मधला माणूस असतो आणि वरचं पद मॅनेजिंग डायरेक्टर. बायोडेटात मुंबईचा हुद्दा जसाच्या तसा टाकला की दोन्हीकडून गोंधळ होतो. एक तर भरती करणाऱ्याला तो फुगवलेला वाटतो, नाहीतर तुम्ही अर्जच चुकीच्या पातळीवर करता. हुद्द्याखाली एका ओळीत लिहा: किती कोटींची कर्जं सांभाळलीत, किती कर्जदार, मंजुरीचा अधिकार कितीपर्यंत, हाताखाली किती जण. तुमची पातळी यावरूनच ठरते. बहुतेकांना पहिली नोकरी एक-दोन पायऱ्या खालीच मिळते. सीनियर मॅनेजरपेक्षा खालची जागा घ्यावी लागली तर घ्या, पण विभाग चुकवू नका.

विभाग कोणता? तुमच्यासाठी कमर्शियल बँकिंगचा पतविभाग, याबद्दल मला जराही शंका नाही. मसरानीही टीडीत १९८७ मध्ये कमर्शियल कर्जांचे प्रशिक्षणार्थी म्हणूनच लागले होते, यॉर्क विद्यापीठातून एमबीए झालेले असूनही. कर्ज देताना धंदा आतून दिसतो. पुढे विक्री, जोखीम, वसुली, अमेरिका कुठेही जा, ती नजर उपयोगी पडते.

तुम्हाला इथे एक आयतं बळ आहे. आपल्याकडे मालसाठा आणि येणी यांच्या मासिक पत्रकावरून (स्टॉक स्टेटमेंट) कंपनीला किती कर्ज उचलता येईल ती मर्यादा (ड्रॉइंग पॉवर) काढतात, तेच काम तिथे मार्जिनिंग या नावाने चालतं. प्रचलित सूत्र असं: ९० दिवसांच्या आतल्या येणी रकमेच्या ७५ टक्के आणि मालसाठ्याच्या ५० टक्के. समजा कंपनीची येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, २० लाख डॉलर, त्यातली ४ लाख ९० दिवसांहून जुनी. उरलेल्या १६ लाखांचे ७५ टक्के म्हणजे १२ लाख. अर्धवट तयार माल वगळून साठा १० लाखांचा, त्याचे ५ लाख. बेरीज १७ लाख. भारतातून आलेला माणूस इथे थांबतो आणि चुकतो. कामगारांच्या पगारातून कापलेला आयकर, पेन्शन आणि बेरोजगारी विम्याचा हप्ता कंपनीने सरकारजमा केलेला नसेल, तर ती रक्कम कायद्याने सरकारची अमानत मानली जाते आणि बँकेच्या तारणाच्या पुढे जाते. आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीची थकबाकी पुढे येते तसंच. शिवाय दिवाळखोरीत प्रत्येक कामगाराच्या थकीत पगारापैकी २,००० डॉलरपर्यंतची रक्कम बँकेच्या आधी येते, आणि पुरवठादाराला ३० दिवसांच्या आत पोहोचवलेला, ओळखता येणारा माल परत मागता येतो. थकबाकी दीड लाखाची निघाली तर उपलब्ध मर्यादा साडेपंधरा लाख. मंजुरी २० लाखांची असली आणि कंपनीने १६ लाख २० हजार उचललेले असले तर ७० हजारांचा खड्डा आहे, आणि तो त्याच महिन्यात कळवणं तुमचं काम आहे. पुढच्या तिमाहीला नव्हे.

तारणाचंही तसंच. ओंटारिओत जंगम मालमत्तेवरचा हक्क प्रांताच्या नोंदणीत चढवावा लागतो आणि साधारणपणे आधी नोंद करणारा पुढे असतो. कंपनीचं नाव एका अक्षराने चुकलं तरी तारण वाया जाऊ शकतं. क्युबेकमध्ये कायदाच वेगळा, फ्रेंच परंपरेचा. मॉन्ट्रियलच्या कर्जदाराला टोरोंटोचे कागद चालत नाहीत. कर्जप्रस्ताव लिहिताना पहिल्या परिच्छेदात परतफेड कशातून होणार, आणि ते आटलं तर दुसरा मार्ग कोणता, हे दोन वाक्यांत सांगा. वीस पानांच्या टिपणात ही दोन वाक्यं सापडत नसतील तर मंजुरी देणारा अधिकारी ते परत पाठवतो, आणि तुमच्या नावाबद्दलचं मतही तिथेच बनतं.

पतविभागात किती काळ राहायचं? प्रत्येक खुर्चीवर साधारण अडीच-तीन वर्षं, एवढं की तुम्ही दिलेलं कर्ज एकदा तरी आजारी पडून तुमच्याच काळात सांभाळावं लागेल. त्याआधी उठलात तर निम्मंच शिकलात. आणि तिथेच मुरलात तर आणखी एक धोका असतो. कर्ज तपासणाऱ्यांत उत्तम नाव, पण ग्राहक आणणं आणि नफ्या-तोट्याची जबाबदारी कधी घेतलीच नाही, असा माणूस दहा वर्षांनी त्याच मजल्यावर दिसतो. माझ्या मते भारतातून आलेल्या हुशार माणसांची कारकीर्द सगळ्यात जास्त इथे अडते. भाषा किंवा रंग यांचा अडसर नसतो असं नाही. पण सुरक्षित, आकडेमोडीच्या खुर्चीत बसून राहण्याची सवय अनेकदा आपलीच असते. दुसऱ्या बदलीला ग्राहकांसमोरची जागा मागून घ्या, मग ती मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनसारख्या भागातली लघुउद्योगांची का असेना.

मसरानींची पुढची वाट याच दृष्टीने पाहा. जन्म युगांडातला, गुजराती कुटुंब. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा घरदार सुटलं. टीडीत कर्जविभागानंतर नव्वदच्या दशकात भारतातल्या कारभाराचे प्रमुख, मग युरोपात शेअर दलालीचा व्यवसाय, २००३ च्या सुमारास मुख्य जोखीम अधिकारी, २००६ मध्ये अमेरिकेतल्या टीडी बँकनॉर्थला. तिथे त्यांच्या काळात कॉमर्स बँकॉर्प ही न्यू जर्सीची बँक सुमारे ८.५ अब्ज अमेरिकी डॉलरला घेतली, २००८ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. २०१३ मध्ये मुख्य परिचालन अधिकारी, १ नोव्हेंबर २०१४ ला मुख्य अधिकारी. कर्ज, परदेश, वेगळाच धंदा, जोखीम, मोठं एकत्रीकरण, मग मुख्यालय. यातल्या दोन-तीन बदल्या वरवर बढत्या वाटतही नाहीत. युरोपातली दलाली ही टोरोंटोच्या नजरेतून लांबची जागा होती. पण संचालक मंडळ वारस शोधतं तेव्हा नेमकी अशी रुंदी बघतं.

जोखीम विभागाची खुर्ची तर टाळूच नका. तिथला प्रमुख, म्हणजे मुख्य जोखीम अधिकारी, संचालक मंडळाशी थेट बोलू शकतो, आणि ऑस्फी ही संघराज्याची देखरेख संस्था त्याच्या कामाकडे बारीक लक्ष ठेवते. सहाही बँकांना सध्या जोखीमभारित मालमत्तेच्या (कर्जं वगैरे त्यांच्या धोक्यानुसार कमी-जास्त वजन देऊन मोजलेली) किमान ११.५ टक्के शुद्ध समभाग भांडवल, म्हणजे भागधारकांचा स्वतःचा पैसा, ठेवावं लागतं. त्यात साडेतीन टक्के हा देशांतर्गत स्थैर्याचा राखीव भाग, तो ऑस्फी कमी-जास्त करू शकते. कोणतं कर्ज किती भांडवल खातं हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याला व्यवसाय वाढवायच्या बैठकीत कोणी गप्प करू शकत नाही. टीडीचेच आधीचे प्रमुख एड क्लार्क यांनी २००५ मध्ये बँकेला गुंतागुंतीच्या संरचित रोख्यांच्या धंद्यातून बाहेर काढलं, तेव्हा तो नफ्याचा धंदा होता. २००८ चं जागतिक आर्थिक संकट उजाडल्यावर त्या निर्णयाची किंमत सगळ्यांना कळली.

अमेरिकेचा फेराही आता जवळपास अटळ आहे. कॅनडाची बाजारपेठ सहा जणांत वाटली गेलेली, वाढायला जागा सीमेपलीकडेच. बीएमओने फेब्रुवारी २०२३ मध्ये १६.३ अब्ज अमेरिकी डॉलरला बँक ऑफ द वेस्ट घेतली. टीडीने फर्स्ट होरायझन १३.४ अब्जांना घ्यायचं २०२२ मध्ये ठरवलं आणि मे २०२३ मध्ये तो व्यवहार मोडला. नियामकांची मंजुरी कधी मिळेल, मिळेल का, याचा भरवसाच उरला नव्हता.

का नव्हता, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये जगाला कळलं. टीडीच्या अमेरिकी बँकेने काळा पैसा रोखण्याच्या कायद्यांबाबतचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. दंड सगळा मिळून ३ अब्ज अमेरिकी डॉलरहून जास्त. त्यावर कडी म्हणजे अमेरिकेतल्या किरकोळ बँकव्यवसायाची मालमत्ता ४३४ अब्ज डॉलरच्या पुढे वाढवायला बंदी, आणि काही वर्षांसाठी बाहेरचा निरीक्षक. दंड एकदाच भरायचा असतो. वाढीवरची बंदी मात्र रोज दुखते.

यातले तपशील नीट वाचण्यासारखे आहेत. अमेरिकी न्याय विभागाच्या म्हणण्यानुसार जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२४ या काळात सुमारे १८.३ लाख कोटी डॉलरचे, म्हणजे एकूण रकमेच्या ९२ टक्के व्यवहार स्वयंचलित देखरेखीखाली आलेच नाहीत. देशांतर्गत इलेक्ट्रॉनिक भरणे आणि बहुतेक धनादेश तपासणीतून वगळलेले होते, आणि २०१४ ते २०२२ पर्यंत संगणकातल्या संशयाच्या कसोट्यांत म्हणण्यासारखा बदल झाला नाही. तीन टोळ्यांनी मिळून ६७ कोटी डॉलरहून जास्त पैसा या खात्यांतून फिरवला. एका टोळीने शाखेतल्या कर्मचाऱ्यांना ५७ हजार डॉलरहून जास्त किमतीची भेटकार्डं वाटली. शाखेतल्या लोकांना हे दिसत नव्हतं असं नाही. पोत्याने रोकड येते तेव्हा ती काउंटरवर दिसतेच.

मूळ कारण बघायला गेलं तर साधं होतं. नफा वाढत असताना खर्च मात्र दरवर्षी तेवढाच राहिला पाहिजे असा बँकेत दंडक होता, आणि तो देखरेखीच्या विभागालाही लावला गेला. व्यवहार दुपटीने वाढले तरी तपासणारी माणसं आणि यंत्रणा तेवढीच. मसरानींवर व्यक्तिशः कोणताही आरोप ठेवला गेला नाही, पण हे आपल्या कारकिर्दीत घडलं असं म्हणून त्यांनी माफी मागितली. निवृत्तीची आधी ठरलेली एप्रिल २०२५ ची तारीख अलीकडे ओढून १ फेब्रुवारीला पद सोडलं, आणि २०२४ सालासाठी त्यांना मूळ पगारापलीकडे बोनस किंवा शेअर मिळाले नाहीत. जोखीम विभागाचं प्रमुखपद आणि अमेरिकी बँकेचं प्रमुखपद, दोन्ही भूषवलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडलं, म्हणून मी त्यावर एवढा भर देतोय. अनुभव असला की पुरतं असं नाही. खालची वाईट बातमी वर पोहोचण्याचा रस्ता मोकळा आहे का, हे प्रत्येक पदावर नव्याने तपासावं लागतं.

तुमच्या पातळीवर याचा अर्थ काय? कॅनडात १०,००० डॉलर किंवा जास्त रोख आली की फिनट्रॅकला, म्हणजे काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, १५ दिवसांत अहवाल जातो, परदेशातून किंवा परदेशात तेवढी रक्कम पाठवली तर पाच कामकाजाच्या दिवसांत. संशयास्पद व्यवहाराला रकमेची मर्यादाच नाही. तुमच्या ग्राहकाचा अहवाल पाठवायला कोणी 'जरा थांबूया' म्हणत असेल तर ते तुमचं नाव अडकवणारं वाक्य आहे. तुमचं मत त्याच दिवशी लेखी नोंदवा आणि नियमपालन विभागाकडे पाठवा. मग पुढे विभागप्रमुख झाल्यावर वार्षिक अंदाजपत्रकात एक रकाना स्वतः घाला: ग्राहक किती टक्के वाढले, व्यवहार किती वाढले, तपासणारे किती वाढले. तिसरा आकडा पहिल्या दोघांच्या मागे पडला असेल तर वाढीचं उद्दिष्टच कमी करून मागा. त्या वर्षी बोनस थोडा घटेल. घटू द्या.

तंत्रज्ञानाची जोखीमही आता याच रांगेत आहे. राणिया लेवेलिन कुवेतमध्ये जन्मल्या, १९९२ मध्ये कॅनडात आल्या, हॅलिफॅक्समध्ये स्कोशियाच्या शाखेत अर्धवेळ रोखपाल म्हणून लागल्या, आणि २०२० मध्ये लॉरेन्शियन बँकेच्या प्रमुख झाल्या. मोठ्या सहा बँकांत २०२५ अखेर एकही स्त्री त्या पदावर पोहोचलेली नाही, हे लक्षात घेतलं तर या वाटचालीचं मोल कळतं. सप्टेंबर २०२३ मध्ये नियोजित देखभालीच्या वेळी त्या बँकेची संगणकप्रणाली कोलमडली, ग्राहक खात्यांवाचून अडले, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांना पद सोडावं लागलं. म्हणून मधल्या वर्षांत एक तरी मोठा संगणकीय बदल, खातेप्रणालीचं स्थलांतर म्हणा, व्यवसायाच्या बाजूने अंगावर घ्या. परत मागे कसं यायचं याची योजना लेखी नसताना 'सुरू करा' म्हणू नका.

पैशाबद्दल दोन शब्द. वरच्या पदांवर पगार हा मोबदल्याचा लहान भाग असतो. उरलेला बराचसा तीन वर्षांनी हातात येणाऱ्या शेअर-युनिटांत, काही दहा वर्षं मुदतीच्या विकल्पांत (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्कात) आणि काही नोकरी सोडल्यावरच रोख होणाऱ्या युनिटांत. बँकांतल्या मोबदल्याबाबतच्या २००९ च्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनंतर ही पद्धत पक्की झाली. शिवाय पगाराच्या कित्येक पट शेअर बाळगायची सक्ती असते. बँक बदलली की न पिकलेली युनिटं साधारणपणे बुडतात, नवी बँक भरपाई देईल तर तेवढीच. हुद्द्याच्या लोभाने दर तीन वर्षांनी बँक बदलणाऱ्यांचं नुकसान इथे होतं, आणि ते ऑफर लेटरात दिसत नाही.

आता लगेच करायचं. नेमणुकीआधी गुन्हेगारी आणि पतइतिहासाची तपासणी होते, तेव्हा ठेवीवर मिळणारं एखादं क्रेडिट कार्ड घेऊन पहिल्या महिन्यापासून वेळेवर फेड सुरू करा. पदवीचं मूल्यांकन करून घ्या. कॅनेडियन सिक्युरिटीज कोर्स संपत्ती-व्यवस्थापनाच्या बाजूला लागतो, कमर्शियल कर्जासाठी तो नसला तरी अडत नाही; त्याऐवजी वेळ दिवाळखोरी कायदा आणि प्रांतिक तारण कायद्याला द्या. जोखमीकडे जायचं असेल तर एफआरएम ही जोखीम-व्यवस्थापनाची परीक्षा, अर्थविभागाकडे असेल तर सीपीए ही लेखापालाची पात्रता. नव्याने एमबीए करायचा विचार फक्त पतविभाग सोडून वेगळ्याच शाखेत शिरायचं असेल तर करा. मॉन्ट्रियल मनात असेल तर फ्रेंच आजच सुरू करा, तिथे दुभाष्यावर काम भागत नाही. आणि मुलाखतीत 'तुमचे काही प्रश्न?' असं विचारलं की हे विचारा: या विभागात गेल्या वर्षी किती कर्जं विशेष देखरेखीखाली गेली, आणि ती आधी कोणी ओळखली, खातं सांभाळणाऱ्याने की तपासनीसाने?